भोंगाचाचांची कबुली

भोंगाचाचांना मी कधीच मोठ्याने बोलताना ऐकलं नाही. मी रत्नागिरीत सून म्हणून आले तोवर त्यांच्या घशाचं ऑपरेशन होऊन गेलं होतं आणि आवाजाच्या जागी नुसती फुसफुस उरली होती. तरीही बंदराजवळचा अख्खा मिरकरवाडा त्यांना भोंगाच म्हणायचा. हयातभर त्यांनी बंदरावर मासळीचे लिलाव पुकारले होते. होड्या लागल्या की जेटीवरून निघालेला त्यांचा आवाज म्हणे किल्ल्यापर्यंत जायचा, आणि आमच्या सासूबाई घड्याळ न बघता त्या आवाजावर चहाचं आधण ठेवायच्या. हे सगळं मला ऐकीव. माझ्या ओळखीचे चाचा म्हणजे पांढरी दाढी, भर मे महिन्यातही मानेला गुंडाळलेला मफलर, आणि काही सांगायचं झालं की आपल्या कानापाशी आलेलं त्यांचं तोंड. त्या तोंडाला कायम लवंगेचा वास यायचा.

त्यांच्या कुजबुजण्याची लागण व्हायची. त्यांच्याशी बोलणारा माणूसही नकळत आवाज खाली आणायचा. बाजारात चाचा आणि मासेवाली भाव ठरवायला लागले की लांबून बघणाऱ्याला वाटावं, ही दोघं कुणाच्या तरी घरी चोरी करायचा बेत करताहेत. माझ्या कॅफेत ते शिरले की गेम खेळत आरडाओरडा करणारी कॉलेजची पोरंसुद्धा गप्प व्हायची. मी घसा फोडून सांगितलेलं जे पोरं ऐकत नसत, ते चाचांच्या नुसत्या येण्याने व्हायचं. म्हणून मी त्यांना कधीही या म्हणून सांगून ठेवलं होतं.

कॅफे म्हणजे मांडवीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचा एक गाळा, चार संगणक आणि एक जनरेटर. कल्पना आमच्या ह्यांची. उद्घाटनाचा नारळ फोडून, पेढे वाटून ह्यांनी मुंबईत नोकरी धरली आणि ते चार संगणक, तो जनरेटर आणि ती पोरं माझ्या गळ्यात पडली. भारनियमनाचे दिवस होते. वीज गेली की जनरेटरची दोरी ओढायला मी, गोळी निसटलेला माउस दुरुस्त करायला मी, आणि ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांचे मेल लिहायलाही मीच. माझा स्वभाव मुळात गोड नाही. त्या कॅफेने जो काही गोडवा होता तोही घालवला.

चाचा यायचे ते दोह्याला दिलेल्या त्यांच्या लेकीशी बोलायला. तिथून ती माइकवर बोलायची, ते यांना ऐकू यायचं, पण यांची फुसफुस माइक पकडत नसे. मग चाचा माझ्या कानात सांगायचे आणि मी टाइप करायची. बापलेकीच्या बोलण्यात मी अशी मध्ये बसलेली असायची. लेकीने एकदा विचारलं की अब्बा दूध पितात का. चाचांनी मला सांगितलं, "लिही, पितो." मी म्हटलं, चाचा, तुम्ही तर दुधाच्या वासानेही तोंड फिरवता. त्यावर ते म्हणाले, "सूनबाय, तू हात चालव. तोंड नको."

एक दिवस शेजारच्या संगणकावर एक प्राध्यापक बसले होते. त्यांना जुनी नाणी जमवायचा नाद. लिलावाची एक साइट होती, तिच्यावर ते कसल्याशा नाण्यावर बोली लावत होते. पडद्यावर आकडा चढत होता, वेळ उतरत होती. चाचा आपलं काम सोडून त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. प्राध्यापक अवघडले, पण चाचा हलेनात. लिलाव संपला तेव्हा ते माझ्याकडे आले. डोळे असे झाले होते, की मला वाटलं यांना बरं वाटत नाहीये.

"ह्यो लिलाव पुकारतंय कोण?" त्यांनी विचारलं.

कुणीच नाही, मी म्हटलं. आपोआप होतो. आवाज लागतच नाही. ते पुन्हा जाऊन तो पडदा बघून आले. मग म्हणाले, माझंही नाव घाल त्याच्यात.

विकायचं काय, हा प्रश्नच आला नाही. आमच्या त्या भागात घराघरातले पुरुष जहाजांवर गेलेले. कुणी खलाशी, कुणी स्वयंपाक करणारा भंडारी, कुणी खलाशांवरचा मुकादम म्हणजे सारंग. त्यांनी जगभरातून आणलेल्या वस्तू माळ्यावर पडून असायच्या. पितळी कंदील, होकायंत्रं, जपानी रेडिओ, कुठल्या तरी बंदरावरची कपबशी. म्हातारे गेले, पोरं आखातात गेली, घरात टाइल्स बसल्या, आणि या सगळ्याची अडगळ झाली. बायका चाचांकडे वस्तू आणून द्यायच्या. लेकीने दोह्याहून पाठवलेल्या कॅमेऱ्याने चाचा फोटो काढायचे, मी ते साइटवर चढवायची. विकणाऱ्याच्या नावापुढे एक चांदणी असे. गिऱ्हाइकांनी चांगलं म्हटलं की तिचा रंग बदले. कॅफेत पाऊल टाकताच चाचांचा पहिला प्रश्न, "रंग?" मी म्हणायची, पिवळाच आहे. ज्या दिवशी तो निळा झाला त्या दिवशी त्यांनी चारही संगणकांवर बसलेल्यांना खाजं वाटलं. त्यातल्या तिघांना कशाबद्दल ते कळलंही नाही.

बंदरावरची त्यांची एक रीत होती. टोपलीत वर ताजी मासळी आणि खाली शिळी लावायची सवय सगळ्यांनाच, म्हणून चाचा बोली सुरू करण्याआधी टोपली कलती करून तळ दाखवायचे. तेच त्यांनी इथे चालवलं. पहिला फोटो नेहमी पोच्याचा, तड्याचा नाहीतर गंजाचा. मी डोक्याला हात लावायची. कंदिलाचा इतका छान फोटो आहे, तो टाकू आधी, म्हणून भांडायची.

"वरचां सगलेच दाखवतत," ते म्हणायचे. "तू तळ दाखव."

आणि मी हे रागानेच लिहिते आहे, वस्तू विकल्या जायच्या. पोचे बघून लोक घ्यायचे. बेंगळूरच्या एका बाईंनी तर कळवलं की तुम्ही दाखवलेला तडा मला सापडलाच नाही, कुठे आहे? चाचांनी मला लिहायला लावलं, कपाच्या कानाच्या आतल्या बाजूला बघा.

दुसरी रीत भांडणाची. मासळीच्या लिलावात भांडण रोजचंच. घेणारा म्हणे माल खराब, होडीवाला म्हणे उचलताना चांगला होता. असं पेटलं की चाचा दोघांच्या मध्ये उभे राहायचे आणि म्हणायचे, "चूक माझी." कुणाचीही असो. पुकारणारा बोलला चूक माझी, की त्याच्यावर कुणी पुढे बोलायचं नाही असा तिथला शिरस्ता. बोली पुन्हा लागायची, दोघांची समजूत मागाहून चहा पिताना निघायची. उन्हं वर आल्यावर मासळी काय भांडण संपायची वाट बघत बसणार? त्यांच्या वडिलांनीही असंच म्हटलेलं, आजोबांनीही. त्यात कबुली अशी कुणाला वाटायचीच नाही. तो पंखा बंद करतात तसा भांडण बंद करायचा खटका होता.

साइटवरही कुरबुरी व्हायच्या. कुरियरमध्ये काच फुटली, पार्सल उशिरा गेलं, कपबशीची बशी आणि कप एका घडणीचे नाहीत. गिऱ्हाईक तक्रार टाके. तक्रारीच्या पानावर विकणाऱ्यासाठी एक चौकट होती. चाचा दर वेळी एकच सांगायचे, लिही, चूक माझी. मी लिहायची. आणि खरं म्हणजे चमत्कार व्हायचा. तावातावाने लिहिणारी माणसं एकदम मऊ होत. अहो असू द्या, तुमचा काय दोष, असं उलट कळवत आणि चांगला शेरा देत. चाचा माझ्याकडे बघून भुवया उडवत, की बघ, बंदर काय आणि हे काय.

मग आलं मिरकरवाड्यातल्याच हलिमाखालाचं घड्याळ. खालाचे शोहर सारंग होते, वारून बरीच वर्षं झालेली. त्यांनी जहाजावरचं एक पितळी घड्याळ घरी आणलं होतं, गोल, जड, खणखणीत ठोक्यांचं. इतकी वर्षं ते भिंतीवर वाजत होतं, पण आता घरात नातू झाला होता आणि दर ठोक्याला दचकून उठत होता. सून रडकुंडीला आलेली. खालाने घड्याळ ओढणीत बांधून आणलं आणि चाचांच्या पुढ्यात ठेवलं. म्हणाली, चांगल्या घरी जाऊ दे, भंगारात नको. चाचांनी तिला शब्द दिला. मग त्याचे फोटो काढले, मागचा ओरखडा, किल्लीचा झिजलेला दात, काचेवरचा डाग, सगळं. नागपूरच्या एका निवृत्त गृहस्थांनी ते घेतलं.

पार्सल पोचल्यावर त्यांची तक्रार आली. मी वाचून दाखवली. घड्याळ साफ बिघडलेलं आहे, चार वाजता आठ ठोके देतं आणि साडेचारला एक, विकणाऱ्याने धडधडीत फसवणूक केली आहे. चाचा ऐकता ऐकता हसायला लागले. त्यांचं हसणं म्हणजे आवाज नाही, नुसते खांदे हलायचे. मला काही कळेना. मग त्यांनी समजावलं. जहाजावर चार-चार तासांच्या पाळ्या. दर अर्ध्या तासाला एक ठोका वाढत जातो, पाळी संपताना आठ होतात, की पुन्हा एकापासून. घड्याळ अगदी बरोबर होतं. पण मिरकरवाड्यात शेंबडं पोरही आठ ठोक्यांना पाळी बदलली म्हणतं, त्यामुळे हे सांगायला हवं असं चाचांच्या डोक्यातच आलं नाही. झिजलेला दात दाखवला, ठोके राहिले.

मी लगेच चौकटीत ठोक्यांचा हिशेब लिहायला घेतला. चाचांनी माझा हात धरला.

"आधी लिही, चूक माझी."

मी म्हटलं, चाचा, अहो चूक नाहीच आहे. ते म्हणाले, माणूस तापलेला आहे, आत्ता त्याला शिकवायला गेलीस तर अजून तापेल. आधी त्याचा राग उतरू दे, मग सांगू सावकाश. मी हट्ट धरला. त्यांनी त्याहून जास्त धरला. शेवटी मी तेवढंच लिहिलं आणि बटण दाबलं.

सावकाश सांगायची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी पान उघडलं तर चाचांच्या नावापुढची चांदणी गेली होती. तिथे लिहिलेलं, हे खाते कायमचे बंद करण्यात आले आहे. खाली कारण. विकणाऱ्याने वारंवार सदोष माल विकल्याचे स्वतः मान्य केले आहे. म्हणजे आजवर ज्या ज्या चौकटीत आम्ही ते दोन शब्द टाकले, त्या प्रत्येकाची तिकडे कबुली म्हणून नोंद होत गेली होती. गिऱ्हाइकं विसरली, त्यांनी शेरे चांगले दिले, पण कबुल्या साठत राहिल्या. घड्याळाच्या वेळी माप भरलं.

मी हे वाचून दाखवलं तेव्हा चाचांना आधी वाटलं, मी वाचायला चुकले. मग त्यांनी विचारलं, "बोलायचां कुणाशी?"

कुणाशीच नाही. फोन नंबर नाही, पत्ता नाही. दाद मागायची तर आणखी एक पान होतं, त्यावर कारणांची यादी, तिच्यातलं एक निवडल्याशिवाय पुढचं दार उघडत नसे. चूक मान्य आहे पण पुन्हा होणार नाही. चूक मान्य आहे पण भरपाई केली आहे. माझे खाते माझ्या परवानगीशिवाय दुसऱ्याने वापरले. एवढंच. चूक नव्हती, मी ती मान्य केली कारण आमच्याकडे तशी रीत आहे, असं कारण जगातल्या कुठल्या यादीत असणार? आम्ही पहिलं निवडलं, उत्तर आलं, चूक मान्य केल्याबद्दल आभार, खाते बंद राहील. दुसरं निवडलं, तसंच उत्तर. प्रत्येक उत्तराखाली वेगळ्या माणसाचं नाव असायचं आणि मजकूर अक्षरन् अक्षर एकच. बाटलीत शिरलेली माशी काचेवर चढते आणि घसरते, तसे आमचे दिवस चालले. चाचा रोज येत, खुर्चीवर बसत, विचारत, आलं का? मी नाही म्हणायची. त्यांचा तो "रंग?" बंद झाला. बायका अजून वस्तू आणत होत्या. चाचा त्यांना परत पाठवत आणि कारण विचारलं तर, मशीन बिघडलंय म्हणत.

तोवर मला ते खातं म्हणजे म्हातारपणाचा विरंगुळा वाटत होतं. त्या दिवसांत त्यांच्याकडे बघून समजलं की तसं नव्हतं. घसा गेला तेव्हा लिलाव पुकारायला बंदरावर उभं राहायची या माणसाची जागा गेली होती. घरात, मशिदीच्या पायरीवर, चहाच्या टपरीवर, जिथे चार माणसं एकदम बोलतात तिथे त्यांचं काही पोचतच नसे. एवढी एकच जागा त्यांना सापडली होती, जिथे आवाजाशिवाय पुकारता येत होतं. आता तीही बंद झाली, आणि ती बंद करायला त्यांच्याच तोंडचे शब्द वापरले गेले.

तिसरं कारण उरलं होतं. खातं दुसऱ्याने वापरलं. मी विचार केला, यात खोटं तरी किती आहे? बोटं माझीच चालली होती ना. मी त्यांना म्हटलं, आपण लिहू की कॅफेवालीने तुम्हाला न विचारता परस्पर टाइप केलं. माझं काय जाणार आहे? मला कोण विचारायला येतंय? खातं नक्की उघडेल. मी ते निवडलंही होतं, फक्त बटण दाबायचं होतं.

चाचांनी मान हलवली. मी चिडले. माझ्या नावाची एवढी काळजी नको, म्हटलं. ते माझ्या कानापाशी आले.

"तुझ्या नावाचां नाय सूनबाय. बोललो मीच. बोललेलां मागे घेतलां तर माझ्याकडे रवलां काय?"

मी पान बंद केलं. त्या दिवशी मी कॉलेजच्या पोरांवर विनाकारण खेकसले आणि जनरेटरला लाथ मारली.

मग मी नागपूरला लिहिलं. ठोक्यांचा सगळा प्रकार, जेटीवरची रीत, चाचांचा घसा, सगळं सांगितलं. एव्हाना घड्याळ परत आलं होतं, कापसात गुंडाळून, लाकडी खोक्यात, आम्ही पाठवलं होतं त्याहून नीट. उत्तर लगेच आलं. तो माणूस फार चांगला निघाला. लिहिलं होतं की मला लाज वाटते आहे, चार वाजता आठ ठोके का पडतात हे एका ओळीत विचारता आलं असतं, ते न विचारता मी फसवणूक म्हणून मोकळा झालो. तक्रार आजच मागे घेतो. पण त्यांनाही ती मागे घेता येईना. विकणाऱ्याने मान्य केल्यामुळे ही तक्रार मिटली आहे, मिटलेली तक्रार मागे घेता येत नाही. घेणारा म्हणत होता चूक माझी, विकणारा म्हणत होता चूक माझी, आणि दोघांनाही त्यातून बाहेर पडायला वाट नव्हती. ते गृहस्थ हट्टी असावेत. त्यांनी पत्रांवर पत्रं लिहिली, कुठून तरी वरच्या कार्यालयाचा पत्ता मिळवला, आणि माझ्या कॅफेचा नंबर देऊन ठेवला.

एका दुपारी फोन वाजला. पलीकडे एक मुलगी, हिंदीत बोलणारी, आवाजाने अगदी गोड. अमुक खात्याबद्दल फेरविचार करायचा आहे, खातेदार आहेत का? चाचा समोरच बसले होते. मी पंखे बंद केले, पोरांना हाताने गप्प केलं आणि फोन त्यांना दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. मुलगी म्हणाली, आपलं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा.

चाचांनी सांगितलं. मला ऐकू आलं. तिला आलं नाही.

"हॅलो? सर, आपकी आवाज नहीं आ रही."

त्यांनी पुन्हा सांगितलं, तोंड फोनला टेकवून. मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि म्हटलं, त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आहे, मी सांगते, ते इथेच आहेत. ती म्हणाली, मॅडम, मला समजतं आहे, पण ओळख पटवायला खातेदारांनी स्वतःच्या आवाजात सांगावं लागतं, नाहीतर मी पुढे जाऊ शकत नाही. मी फोन परत दिला. चाचांनी मफलर सोडला. मी त्यांची मान तोवर कधी पाहिली नव्हती. शिरा ताठ झाल्या, चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ज्या गळ्यातून किल्ल्यापर्यंत आवाज जायचा त्यातून खरकटं भांडं घासल्यासारखं काहीतरी आलं. त्यात नावही नव्हतं आणि तारीखही. गेम खेळणारी पोरं माना खाली घालून बसली होती.

आवाज न आल्यामुळे कॉल बंद करावा लागतो आहे, असं ती मुलगी म्हणाली आणि तिने आभार मानले. फोन पुन्हा कधी आला नाही.

मला भयंकर संताप आला होता. चाचांनी मफलर गुंडाळला, पाणी मागितलं, घोट घोट प्यायले. मग म्हणाले, "पोर चांगली होती. दोनदा विचारलान." मी ओक्साबोक्शी रडले. एवढ्या पोरांसमोर रडले, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

पुढे ते घड्याळ नागपूरलाच गेलं. त्या गृहस्थांनी साइटच्या बाहेर, सरळ मागून घेतलं. चाचांनी स्वतः पोस्टात नेऊन दिलं. आता चार वाजता तिथे आठ ठोके पडतात आणि आल्या-गेल्याला आम्ही त्याचा अर्थ सांगतो, असं त्यांनी कळवलं. हलिमाखालाचा नातू शांत झोपू लागला. विकणारी खूश, घेणारा खूश, घड्याळ चालू. गुन्हेगार म्हणून नोंद तेवढी चाचांची राहिली. मी पुष्कळदा म्हटलं, चाचींच्या नावाने नवं खातं काढू. ते हो म्हणत आणि विषय बदलत. लेकीशी बोलायला येत राहिले, पण प्राध्यापक लिलावाला बसले की चाचा आपली खुर्ची फिरवून घेत.

एके वर्षी लेकीने त्यांना दोह्याला बोलावून घेतलं, तब्येत बघायला, आणि ते कायमचंच होणार हे सगळ्यांना माहीत होतं. जायच्या आदल्या दिवशी ते आले. मला वाटलं, निरोप घ्यायला. पण त्यांना ते पान बघायचं होतं. मी उघडलं. त्यांनी विचारलं, हे असं कधीपर्यंत राहील? मी म्हटलं, कायमचं. ते पडद्याकडे बघत राहिले. मग कानाशी आले.

"बंदरावर चूक माझी म्हटलां की ती थयच पाण्यात जायची. हितं पाणीच नाय."

दोह्यात त्यांना कॅफे शोधावा लागणार नाही, लेक घरातच टाइप करेल, असं काहीतरी मी बोलले. ते म्हणाले, ती तुझ्यासारखी भांडणार नाय. दोन वर्षांनी ते तिकडेच वारले. लेकीने मला चॅटच्या त्याच खिडकीत टाइप करून कळवलं, जिच्यात मी त्यांचं दूध पिण्याचं खोटं लिहिलं होतं.

घरोघरी इंटरनेट आलं, पोरांच्या हातात मोबाइल आले, आणि मी कॅफे बंद केला. त्याआधी मी एक गोष्ट करून पाहिली. ज्याने त्याने वाखाणलेला तो आवाज कुणाच्या कॅसेटमध्ये तरी सापडतो का, म्हणून मिरकरवाड्यात घरोघरी विचारत फिरले. लग्नाच्या कॅसेट होत्या, कव्वालीच्या होत्या, जहाजावरून पाठवलेल्या निरोपांच्या होत्या. चाचांचा आवाज कुणीच भरून ठेवला नव्हता. रोज सकाळी फुकट मिळणारी गोष्ट कोण कशाला साठवून ठेवील? संगणक विकायला काढण्याआधी मी ते पान शेवटचं उघडलं. तसंच होतं. त्यांनी विकलेल्या वस्तूंचे फोटो गेले होते, पोचे, तडे, ओरखडे, लोकांचे चांगले शेरे, सगळं गेलं होतं. विकणाऱ्याचे म्हणणे या मथळ्याखाली मी टाइप केलेले चाचांचे दोन शब्द तेवढे शिल्लक होते. चूक माझी. त्यांची चूक नव्हती, हे तिथे कुठेच लिहिलेलं नाही.